सूनबाईचा ओव्हन मी निवडला

आमच्या घरात भांडं आणायचं असलं की मला विचारून आणतात. विचारलं नाही तर मी विचारायला लावतो. माझं शिक्षण चौथी, पण भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यात पॉलिशच्या चाकासमोर मी अख्खं आयुष्य उभं राहून काढलंय. डबे, टोप, कळश्या, ताटं. नखाने टिचकी मारली की पत्रा कसला आहे ते मी डोळे मिटून सांगतो. त्यामुळे एका रात्री जेवताना सूनबाई म्हणाली की तिला तंबूच्या ठिकाणी न्यायला छोटा ओव्हन घ्यायचाय, तेव्हा मी हातातला घास ताटात ठेवला आणि सांगून टाकलं, "ओव्हन मी निवडणार."

मुलगा म्हणाला, "बाबा, तो ओव्हन आहे. कळशी नाही."

"पत्र्याचाच असतो ना?"

"असतो पत्र्याचा, पण—"

"मग झालं."

आमची ही म्हणाली, "आता निवडू द्या त्यांना. नाहीतर आणलेल्या ओव्हनला रोज नावं ठेवतील."

आता तंबू कुठला आणि त्यात ओव्हन कशाला, ते सांगतो. सूनबाईची नोकरी नातू झाल्यावर सुटली. घरी बसून बसून ती मोबाईलवर बघून पाव करायला शिकली. लादीपाव असा करते की हातात घेतला तर कापसासारखा दबतो आणि सोडला की परत वर येतो. बेव्हर्ली पार्कातल्या आमच्या बिल्डिंगीत दोन-चार घरी जायला लागला होता. त्यातल्या एकीने ओळख करून दिली भाईंदरजवळच्या डोंगरी गावातल्या एका वाडीवाल्याची. समुद्राच्या बाजूला त्याची नारळाची वाडी आहे. शनिवारी तो तिथे तंबू लावतो आणि शहरातली माणसं येऊन जमिनीवर झोपतात. आम्ही जमिनीवरून उठून खाटेवर आलो त्यात निम्मं आयुष्य गेलं, आणि ही माणसं पैसे देऊन परत खाली जातात. असो. त्यांची मर्जी.

तर वाडीवाल्याची बायको पाहुण्यांना बांगड्याचं कालवण करते, आणि पाव यायचा सकाळी बेकरीतून. संध्याकाळपर्यंत तो वाळून जायचा. वाडीवाला सूनबाईला म्हणाला होता, "बाय, येत्या शनवारी ये. पावन्यांसमोर गरम पाव भाजून दाखव. त्यांना आवाडला तं दर शनवारी तुजाच पाव. न्हाय आवाडला तं माजी बेकरी हाय." वाडीत विजेवर दिवे लागतात तेवढेच, घरचा ओव्हन लावला तर सगळी वाडी अंधारात. म्हणून गॅसच्या शेगडीवर ठेवता येईल आणि रिक्षातून नेता येईल असा ओव्हन हवा होता.

सूनबाई बोलून दाखवत नाही. पण त्या शनिवारसाठी ती पोरं दहावीच्या परीक्षेला बसतात तशी तयारी करत होती. पीठ भिजवायचं, फुगवायचं, घड्याळ बघायचं, परत भिजवायचं. नोकरी सुटल्यापासून तिच्या तोंडावर मी तसं काही पाहिलं नव्हतं.

पहिला ओव्हन मुलाने मोबाईलवरून मागवला. घडीचा. खोक्यातून काढला तेव्हा दप्तराएवढा होता, उलगडला की पेटीएवढा. मी अंगठ्याने दाबला. पत्रा आत गेला आणि टण्णकन बाहेर आला.

"हा ओव्हन नाही, हा पापड आहे," मी म्हटलं.

"बाबा, हलका असतो म्हणूनच घेतात."

"वारा आला की समुद्रात जाईल. मग मासे भाजतील आपले आपण."

परत पाठवला.

दुसरा मला आवडला होता. बिडाचं जाडजूड भांडं, वर बिडाचंच झाकण, झाकणावर निखारे ठेवायचे. काय वजन! काय आवाज! टिचकी मारली तर नखच दुखलं. पण सूनबाईने दोन्ही हातांनी उचलून बघितलं आणि तिचा चेहरा लाल झाला. ती म्हणाली, "बाबा, हे नेलं तर मी पाव करायला उरणार नाही." मी म्हटलं, मी उचलतो. उचललं. तिथल्या तिथे खाली ठेवलं.

मग काशीगावच्या बाजूला हायवेला हॉटेलचं सामान विकणारा एक दुकानदार आहे, त्याच्याकडे गेलो. त्याच्याकडे शेगडीवर ठेवायचे पेटीसारखे ओव्हन रांगेत मांडलेले. सूनबाईने पिशवीतून तिची पावाची ताटली काढली. एकेका ओव्हनमध्ये ती घालून बघत होती. दार उघडायची, लावायची, दारावरचा गरमीचा काटा वाचायची, बूड शेगडीवर नीट बसतं का ते हलवून बघायची. मी माझ्या पद्धतीने चाललो होतो. कान पत्र्याला, टिचकी, पुढचा.

दुकानदार म्हणाला, "चाचा, ओव्हन है. तबला नहीं."

मी म्हटलं, "तबला खराब निकला तो गाना बिगडेगा. ये खराब निकला तो घर बिगडेगा."

शेवटून तिसऱ्याचा आवाज मला पटला. भरीव, ताणून न लांबणारा. त्याच वेळी सूनबाईची ताटली त्यात चारी बाजूंनी बरोबर बसली. आम्ही दोघांनी एकदमच म्हटलं, "हाच." पण माझं 'हाच' आधी संपलं. म्हणून मी म्हणतो, ओव्हन मी निवडला. घरात याबद्दल दुसरं मत आहे, ते असू दे.

घरी आणून तिने लगेच पाव भाजून बघितला. एकदम फर्स्ट क्लास. वर बदामी, आत मऊ. बिल्डिंगीत वास गेला आणि समोरची गुजराती बेन वाटी घेऊन दारात आली. काय मागायला ते तिलाच आठवेना. सूनबाई हसत होती, मुलगा हसत होता. मी हसत नव्हतो. मी ओव्हनच्या मागे उभा होतो.

ओव्हनच्या मागच्या बाजूला, वरच्या कडेला, भोकं होती. ओळीने. त्यातून गरम हवा भसाभसा बाहेर येत होती. हात धरला तर चटका बसावा इतकी.

तुम्हाला आमच्या धंद्यातलं सांगतो. डब्याला भोक म्हणजे रिजेक्ट माल. सुईच्या टोकाएवढं असलं तरी. आम्ही डब्यात पाणी भरून, उचलून धरून, खालून बघायचो. थेंब आला की डबा बाजूला. मालकाच्या सख्ख्या भावाचा माल असला तरी बाजूला. आणि इथे दुकानदाराने मला, मला, भोकं पडलेला माल हातात दिला होता, आणि मी समोरून टिचक्या मारत बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी सूनबाई बाजारात गेली तेव्हा मी ओव्हन मोरीत नेला, पाठीवर आडवा झोपवला आणि आत दोन तांबे पाणी ओतलं. पाणी भोकांतून धो धो वाहिलं. आमची ही दारात येऊन उभी.

"काय चाललंय?"

"गळतोय."

"त्यात पाव भाजायचाय की मासे पाळायचेत?"

"गरम हवा जाते तिथून. गॅस फुकट जातोय. पाव व्हायला वेळ लागणार."

"झाला की काल. चार खाल्लेत तुम्ही."

"झाला, पण आणखी चांगला झाला असता."

"तिला विचारा आधी."

"तिला काय विचारायचं? पत्र्यातलं तिला काय कळतं?"

ही म्हणाली, "पावातलं तुम्हाला जितकं कळतं तितकं," आणि आत गेली. बायकांना शेवटचं बोलायची सवय असते.

पण मी विचारलं नाही असं नाही. संध्याकाळी सूनबाईला म्हटलं, "पाहुण्यांच्या समोर ठेवायचाय, जरा गाळ्यात नेऊन पॉलिश मारून आणतो. आरसा करून देतो." ती खुश झाली. एवढंच म्हणाली, "फक्त बाहेरून हां, बाबा." आता भोकं ही बाहेरूनच दिसतात.

गाळ्यात माझा जुना जोडीदार अजून काम करतो. आम्ही दोघं एकाच चाकावर आलटून पालटून उभे राहिलेले. मला बघून म्हणाला, "जयभीम, म्हाताऱ्या! मेला नाहीस अजून?"

"जयभीम. तुझ्या तेराव्याला जेवल्याशिवाय जाणार नाही."

"आपल्यात तेरावं नसतं."

"म्हणून तर थांबलोय."

त्याला ओव्हन दाखवला. त्याने टिचकी मारली, मान हलवली. मग फिरवून मागची बाजू बघितली आणि त्याचा चेहरा पडला.

"ही भोकं कशाला?"

"तेच तर. विसरले असतील बुजवायला."

"किंवा हँडल बसवणार असतील, मग रद्द केलं असेल."

"असेल."

"बिनडोक लोक," तो म्हणाला. आम्हा दोघांचं एकमत होणं ही रोजची गोष्ट नाही, त्यामुळे मला खात्रीच पटली. त्याने कपाटातून स्टीलचे रिपीट काढले. रिपीट म्हणजे छोट्या जाड खिळ्या, दोन्ही बाजूंनी ठोकून चपट्या करायच्या. बरोबर मापाचे मिळाले. मी आतून धरले, त्याने बाहेरून ठोकले. मग मी ठोकले, त्याने धरले. एकेक असा बसला की पत्र्याचाच भाग वाटावा. मग मी चाकावर उभा राहिलो. कितीतरी दिवसांनी. पॉलिश अशी आली की माझ्या जोडीदाराने त्यात बघून भांग पाडला, आणि त्याला तर केसच नाहीत.

परत पाठीवर झोपवून पाणी भरून बघितलं. एक थेंब नाही.

घरी आणताना ओव्हन मलमलच्या कपड्यात गुंडाळला. सूनबाई म्हणाली, "दाखवा ना." मी म्हटलं, "आता उघडायचा नाही. पॉलिशवर बोटं उठतात. तिकडेच उघडू." ती म्हणाली, "एकदा परत भाजून बघायचं होतं." मी म्हटलं, "एकदा झाला ना चांगला? मग ओव्हन काय रोज नवीन होतो?" तिने ऐकलं. ती माझं ऐकते, हा तिचा मोठा गुण आहे.

शनिवारी दुपारीच आम्ही दोघं रिक्षाने डोंगरीला पोहोचलो. मुलाला ड्युटी होती. वाडीत नारळाखाली तंबू लागलेले, पाहुणे मोबाईल घेऊन फिरत होते. सूनबाईने टेबलावर ताटल्या मांडल्या, फुगत आलेल्या गोळ्यांवर ओला कपडा टाकला. मी ओव्हनवरचा कपडा काढला. ऊन पडलेलं होतं. ओव्हन असा लखलखला की एका पाहुणीने त्यात तोंड घालून फोटो काढला. वाडीवाला म्हणाला, "काका, मस्तच हाय!" मी मान थोडीशी हलवली. जास्त हलवायची नसते.

शेगडी पेटवली, ओव्हन वर ठेवला, पहिली ताटली आत गेली.

थोड्या वेळाने ज्योत वर जायचं सोडून ओव्हनच्या बुडाखालून बाहेर यायला लागली. पिवळी, लांब, सापाच्या जिभेसारखी. मग फडफडली आणि विझली. परत पेटवली. परत बाहेर आली, परत विझली. सूनबाई वाकून बघत होती. "वाऱ्याने होत असेल," मी म्हटलं. आम्ही मागे पुठ्ठे लावले. वारा गेला, ज्योत तशीच.

बराच वेळ गेल्यावर तिने दार उघडलं. वाफेचा एक लोट तिच्या तोंडावर आला. पाव पांढरेफटक, ओले, चिकट. एकाला तिने बोट लावलं तर बोटाचा खड्डा तसाच राहिला. पाहुण्यांतला एकजण जवळ येऊन म्हणाला, "मोमोज आहेत का?"

सूनबाईने केस वर बांधले, ताटली बाजूला ठेवली. तोंडावर ते दहावीवालं काही राहिलं नव्हतं. ती रडली असती तर मी काहीतरी बोललो असतो. ती गोळ्यांवरचा ओला कपडा सरळ करत राहिली.

वाडीवाला येऊन ताटलीत बघून गेला. लांबून त्याने बायकोला आवाज दिला, "भात टाकून ठेव गो. पावाचं काय खरं न्हाय."

तेवढ्यात सूनबाई ओव्हनच्या मागे गेली. तिने तिकडे जाऊ नये म्हणून मी मधे उभा होतो, पण ती मला वळसा घालून गेली. मागच्या पत्र्यावरून तिने बोट फिरवलं. एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत, मग परत.

"बाबा."

"काय?"

"इथे भोकं होती."

"होती."

"कुठे गेली?"

"बुजवली. गळत होता."

तिने डोळे मिटले. मग अगदी हळू, नातवाला समजावते तशी म्हणाली, "बाबा, आग खालून आत जाते. तिला वरून बाहेर जायला वाट लागते. ती भोकं त्यासाठी ठेवलेली होती. आता ती आतमध्ये कोंडतेय, म्हणून खालून परत येतेय. वाफ पण जात नाही. आपण पाव उकडले."

"तसं दुकानदाराने सांगायला पाहिजे होतं," मी म्हटलं. मी अजूनही म्हणतो, सांगायला पाहिजे होतं.

"दुसरी ताटली आहे," ती म्हणाली. कपड्याखाली गोळे वर येत होते. पीठ कोणासाठी थांबत नाही. जास्त फुगलं की आपोआप बसतं. "आत्ताच्या आत्ता उघडता येतील का?"

आता हे काम माझं होतं. मी वाडीवाल्याकडून तंबूची लोखंडी खुंटी आणि हातोडा मागून घेतला. ओव्हन गार व्हायला पाणी मारलं, तोंडावर पालथा टाकला, खुंटीचं टोक रिपीटवर धरलं आणि घातला घाव. काही हललं नाही. दुसरा घातला. रिपीट जागचा ढिम्म. आमच्या दोघांच्या हातचं काम. असं दोन घावांत निघालं असतं तर आम्हाला गाळ्यात कोणी उभं केलं असतं? त्या घटकेला मात्र मला जोडीदाराचा भयंकर राग आला. इतकं चांगलं कशाला ठोकायचं?

पाहुणे गोळा झाले. आवाज अख्ख्या वाडीत. पॉलिशवर हातोडा घसरून चरे पडत होते, आणि प्रत्येक चरा माझ्या पाठीवर उठत होता. सूनबाईने ओव्हन दोन्ही हातांनी दाबून धरला. पहिला रिपीट सुटून आत टणकन पडला. मग एकेक. काहींच्या जागी पत्रा फाटून भोक मोठं झालं.

वाडीवाला बाजूला उभा राहून बघत होता. म्हणाला, "काका, करताय काय?"

"हवा कमी पडते. भोकं पाडतोय."

सूनबाई खाली मान घालून म्हणाली, "बाबा, ही भोकं आधी होती."

"ती कंपनीची होती. ही माझी."

ती हसली. तिला हसायचं नव्हतं, हे दिसत होतं. ओठ दाबले, तरी नाकातून आलं. मग तिने ओव्हन उलटा करून झटकला, सगळे रिपीट एका वाटीत जमवले, आतून ओल्या फडक्याने कोपरा न् कोपरा पुसला आणि परत पुसला. शेगडी पेटली. ज्योत निळी, सरळ उभी. मागून गरम हवा भसाभसा यायला लागली. मी त्या हवेवर हात धरून उभा राहिलो. या वेळी चटका बसला तरी काढला नाही.

पाव थोडे बसके झाले. गोळे जास्त फुगले होते. पण रंग बदामी आला आणि वास आला तसे मोबाईलवाले पाहुणे मोबाईल खिशात घालून रांगेत आले. काहींनी तोवर भात वाढून घेतला होता. त्यांनी भात बाजूला सारून पाव घेतला. मी मोजत नव्हतो, पण बघत होतो. वाडीवाल्याने एक पाव घेतला, मधून फाडला, कालवणात न बुडवता कोरडाच खाल्ला. सूनबाई टेबल पुसत होती. एकच जागा परत परत पुसत होती.

"बाय," तो म्हणाला, "उशीर केलास. पुढल्या शनवारी उशीर चालनार न्हाय."

तिने फडकं थांबवलं. "पुढल्या शनिवारी?"

"मं! दर शनवारी म्हनलेलो ना मी? खरंच हाय ते. पन काकांना ओव्हनला हात लावू द्यायचा न्हाय. काका पॉलिश बरी करतात. माजे टोप हायत घरात, काळे झालेले. त्यांच्यावर बशीव त्यांना."

मी म्हटलं, "तुमच्या टोपाचा पत्रा बघून सांगतो." सरळ हो म्हणायचं नसतं.

परतताना रिक्षात ओव्हन आमच्या दोघांच्या मधे होता. चरे पडलेला, पाठ फाटलेली, अजून कोमट. सूनबाई मोबाईलवर नवऱ्याला काहीतरी लिहीत होती आणि मधेमधे एकटीच हसत होती. मी थोडा वेळ वाट बघितली. मग म्हटलं, "बघ, शेवटी ओव्हन चांगलाच निघाला."

"निघाला."

"निवडला कोणी?"

"तुम्ही, बाबा."

"मग?"

तिने मोबाईल पर्समध्ये टाकला. "मग पुढल्या शनिवारी पण चला. मला एकटीला उचलायला जड पडतो. पण तिथे गेल्यावर दोन्ही हात खिशात ठेवायचे."

माझ्या पायजम्याला खिसे नाहीत. पण ते तिला कळेल तेव्हा कळेल.